मावशी विरुद्ध भाचा

वहिनी कायद्याच्या पेपरात तिसऱ्यांदा आपटली तेव्हा घरात कुणी तिचं सांत्वन केलं नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांनी केलं होतं, दुसऱ्या खेपेला एकट्या नवऱ्याने केलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला त्यानेही नुसता चहा टाकला. सांत्वनाचासुद्धा एक साठा असतो, तो संपला होता.

वहिनी म्हणजे या घरची थोरली सून. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारी म्हणायला लागले. शेजाऱ्यांतला एक जण तिच्याच कंपनीत स्टोअरला होता, म्हणून कंपनीतही ती वहिनीच झाली. पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत कायद्याचं सगळं बघणाऱ्या सेक्रेटरीच्या खुर्चीवर जे गृहस्थ होते ते आता निवृत्त व्हायचे होते. साहेबांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं, "या खेपेला तुमचा तो एक पेपर सुटला तर खुर्ची तुमची. नाही सुटला तर मला बाहेरचा माणूस आणावा लागेल. मग माझ्यावर रागावू नका." वहिनी रागावणार नव्हती. पण खोलीत कुणी नसताना ती एकदा त्या खुर्चीवर बसून आली होती, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

बरं, अभ्यास नव्हता म्हणावं तर तसंही नाही. कलमं तिला अशी पाठ, की झोपेतून उठवून विचारा. करार कधी मोडतो, माल बुडाला तर कुणाचा, भरपाई कधी मागता येते, सगळं घडाघडा. आणि तरी मार्क पडायचे म्हणून नाहीत. शेवटी तिने परीक्षा मंडळाकडून आपल्या उत्तरपत्रिकेची नक्कल मागवली. ती आली आणि सरळ घरच्या हायकोर्टापुढे ठेवली गेली.

हायकोर्ट म्हणजे सासूबाई. प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. हे नाव दिराने ठेवलेलं, आणि कधीतरी ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना रागाऐवजी आनंदच झाला. घरातलं कुठलंही भांडण त्या दाखला देऊन मिटवत. "मधल्या काकांच्या छत्रीचं काय झालं होतं? ज्याने नेली त्याने वाळवून आणून दिली. मग तूही मित्राची गाडी धुऊनच परत कर." एकदा दिलेला निकाल त्या स्वतः विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. त्यांच्यावर अपील नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पानोपानी तांबड्या शाईची वर्तुळं होती आणि प्रत्येक वर्तुळात एक आकडा अडकलेला.

"हे इथे काय लिहिलंयस?"

"कलम एकोणसत्तर," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणाऱ्याने किती काळजी घ्यायची ते."

"पुन्हा म्हण."

"एकोणसत्तर."

"आणि लिहिलंस काय?"

वहिनीने वाकून पाहिलं. तिच्याच वळणदार अक्षरात तिथे ७९ लिहिलेलं होतं. पुढच्या पानावर एकोणतीसच्या जागी ३९. त्याच्या पुढे एकोणपन्नासच्या जागी ५९. जिथे जिथे शेवटी नऊ, तिथे तिथे वहिनी दहाने पुढे गेली होती. बाकीची कलमं बिनचूक. ध चा मा झाला होता, पण तो करणारं बाहेरचं कुणी नव्हतं, तिचाच उजवा हात होता.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, पहिलीतली पोरं असंच करतात! कानाला सत्तर ऐकू येतं, हात सात काढून मोकळा होतो. सारा जन्म मी लोकांच्या पोरांचं हे खोडण्यात घालवला, आणि माझ्याच घरात बघा. काखेत कळसा नि गावाला वळसा."

खरं तर यात वहिनीचा एकटीचा दोष नव्हता. आकड्यांच्या बाबतीत आपल्या भाषेने आपल्यावर फारसे उपकार केलेले नाहीत. सरळ सहा आणि नऊ म्हणायचं सोडून सत्तर व्हायला एक कमी आहे, असं ती आधी सुचवते आणि मग वजाबाकी आपल्यावर सोडून देते. घाईत कोण वजाबाकी करत बसणार? पण परीक्षकाला हे कोण सांगणार. त्याला एवढंच दिसलं, की ही बाई छातीठोकपणे चुकीची कलमं ठोकून देते आहे.

त्या दिवसापासून घरात जप सुरू झाला. वहिनी भांडी लावताना, केस विंचरताना, ऑफिसचा जिना चढताना पुटपुटायची, "सत्तराला एक कमी, सहा नऊ. तिसाला एक कमी, दोन नऊ." स्टोअरवाल्या शेजाऱ्याला वाटलं, वहिनींना परीक्षेने खुळं केलं.

हा एक रोग बरा झाला, तर दुसरा उरला होता खटल्यांचा. कायद्याच्या उत्तरात नियम लिहिला, कलम लिहिलं, की पाठोपाठ एखादा निकाल लागलेला खटला लिहावा लागतो, त्याशिवाय उत्तराला वजन येत नाही. वहिनीला खटल्याची हकीगत पाठ असायची, पण वादी कोण आणि प्रतिवादी कोण ही नावं डोक्यात टिकायची नाहीत. शिकवणीचे सर मात्र याबाबत फार शांत होते. त्यांना विद्यार्थी 'संबंधित सर' म्हणत, कारण त्यांचा उपदेश ठरलेला असे.

"आकडा नक्की आठवत नसेल तर लिहू नका. 'संबंधित तरतुदीनुसार' असं लिहा. खटल्याचं नाव आठवत नसेल तर 'एका खटल्यात असे ठरले आहे' असं लिहा, दोन ओळींत हकीगत सांगा आणि पुढे चला. पण खोटं नाव लिहू नका. परीक्षक मूर्ख नसतो, फक्त दमलेला असतो."

हे ऐकून वहिनी घरी आली आणि सासूबाईंपुढे पुस्तक उघडून बसली. ती तत्त्व वाचायची, आणि सासूबाई लगेच घरचा खटला काढायच्या. करार पूर्ण व्हायला दोघांची संमती लागते? "म्हणजे आपलं पडद्यांचं प्रकरण. शेजारीणबाईंनी शिवून आणले, आपण कुठे सांगितले होते?" चुकून मिळालेली वस्तू परत द्यावी लागते? "आत्याची वेणी. फुलवाल्याने चुकून आपल्याकडे टाकलेली." गंमत अशी, की पुस्तकातली परकी नावं चटकन उडून जायची, पण आत्याची वेणी वहिनीच्या डोक्यात पक्की बसायची. मग तिने त्यांना नावंही दिली. शेजारीण विरुद्ध सासूबाई. आत्या विरुद्ध वेणी.

ठेवीच्या प्रकरणावर आल्या तेव्हा सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हं. हे आपल्या धाकट्याचं. मावशी विरुद्ध भाचा."

ते प्रकरण असं होतं. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची मावशी, घर बदलत होती. नव्या घराचं काम रखडलं, म्हणून तिने आपलं शिलाई मशीन भाच्याच्या खोलीवर ठेवायला दिलं. हा भाचा म्हणजे वहिनीचा दीर. तेव्हा तो कॉलेजजवळ एका खोलीत राहत होता. त्याने हौसेने मशीन जिन्यावरून स्वतः चढवलं. आणि एके दुपारी तो वर्गात असताना वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, खोलीत पाणी साचलं, मशीनचं लाकूड फुगलं आणि लोखंड गंजून गेलं.

हायकोर्ट बसलं. निकाल लागायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. "ठेव ती ठेव. सांभाळता येत नव्हती तर घ्यायची नव्हती. निष्काळजी आहेस तू. भरून दे." नोकरी लागल्यावर त्याने पहिल्या पगारांतून ते भरून दिलंही. तिथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं. पण तो शब्द घरात राहिला. कुणाला आणायला स्टेशनवर जायचं असलं, कुणाचे कागद न्यायचे असले, की कुणीतरी म्हणायचंच, "त्याला नको सांगू. मशीनचं माहीत आहे ना?" सगळे हसत. तोही हसायचा. मग तो कमी हसायला लागला, आणि मग येणंच कमी झालं. आता तो आला तरी खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाहुण्यासारखा, आणि चहा संपला की घड्याळ बघायचा. वहिनीला ते लागायचं. पण निकालावर बोलणार कोण?

परीक्षेच्या हॉलमध्ये वहिनी बसली, पेपर उलटला, आणि चौथा प्रश्न तिने दोनदा वाचला. दहा मार्कांचा. एका गृहस्थाने आपला पियानो मित्राकडे फुकट ठेवायला दिला, छत गळून तो खराब झाला, मित्र जबाबदार आहे का? कारणे द्या, कलम सांगा, खटल्याचा आधार द्या.

तिने लिहायला घेतलं. कलम ७, आणि पेन थांबलं. सत्तराला एक कमी. तिने सात खोडला आणि ६९ लिहिलं, इतकं ठळक, की मागच्या पानावर उमटलं. नियमही नीट आठवला. ठेवून घेणाऱ्याने दुसऱ्याच्या वस्तूची तेवढीच काळजी घ्यायची, जेवढी एखादा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल. तेवढी घेतली असेल, तर पुढे जे होईल त्याला तो जबाबदार नाही. आता खटला. नाव? नाव गेलं. हकीगत? तीही गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? समोर पर्यवेक्षक फेऱ्या मारत होते आणि घड्याळ पुढे पळत होतं.

"एका खटल्यात असे ठरले आहे," तिने लिहिलं, आणि वर्षभराच्या सवयीने हात पुढे धावला. मावशीने आपले शिलाई मशीन भाच्याकडे ठेवले. वरच्या मजल्यावरील नळ फुटला. मशीन खराब झाले. प्रश्न असा, की भाच्याने स्वतःच्या वस्तूंची जेवढी काळजी घेतली तेवढी मशीनची घेतली का?

आणि इथे वहिनी थांबली. स्वतःच्या वस्तू. तिला एकदम दोरी दिसली. ती या घरात नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. दीर पिशव्या भरभरून ओली पुस्तकं घेऊन आला होता, आणि दोघांनी ती गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली होती. पानं फुगून पुस्तकांच्या जाड वह्या झाल्या होत्या. तोच तेव्हा म्हणाला होता, ती पुस्तकं मशीनच्या शेजारीच, त्याच भिंतीला लागून होती, म्हणून तर भिजली. म्हणजे त्याने मावशीचं मशीन तिथे ठेवलं होतं जिथे त्याने स्वतःची सगळ्यांत मोलाची वस्तू ठेवली होती. हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, स्वतःच्या हातांनी चिमटे लावले होते, आणि इतकी वर्षं मशीनच्या विनोदाला तीही हसत आली होती.

"भाच्याची स्वतःची पुस्तकेही तेथेच भिजली. सबब भाचा निष्काळजी नव्हता," तिने लिहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पर्यवेक्षकांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "पेपर अवघड आहे का हो?" तिने मान हलवली, आणि त्याच नादात, पट्टी घेऊन, समासात नाव लिहून त्याखाली रेघ मारली. मावशी विरुद्ध भाचा. पेपर गोळा झाल्यावर जिन्यात तिला कळलं की आपण काय करून बसलो, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

संबंधित सर फाटकापाशीच उभे होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नाव दिलंत? रेघ मारून?"

"हो."

"मग आता संबंधित देवाचं नाव घ्या," सर म्हणाले.

घरी सासूबाई दारातच. "चौथ्याला कोणता खटला लिहिलास?" खोटं बोलायचं वहिनीने ठरवलं होतं, पण मुख्याध्यापिकेपुढे खोटं बोलणं तिला बापजन्मी जमलं नसतं. तिने दोरीपासून समासापर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा निकाल तू फिरवलास. परीक्षेला बसून."

"फिरवला नाही, आई. नियम लावत गेले आणि तो..."

"फिरला. एकच." त्यांनी पदर खोचला. "ते पुस्तकांचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलंही नव्हतं," वहिनी म्हणाली, आणि आपल्याच धाडसाने घाबरली.

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "सुनेला अपील ऐकायचा अधिकार नाही. पण परीक्षक कायद्याचा माणूस आहे. त्याने त्या प्रश्नाला मार्क दिले तर माझा निकाल रद्द. नाही दिले तर कायम, आणि पुन्हा हा विषय घरात निघणार नाही."

वहिनीच्या नवऱ्याच्या पोटात गोष्ट म्हणून राहत नाही. त्याने लगेच भावाला फोन केला. दुसऱ्या दिवशी दीर हजर. चौथी खेप झाली तरी ज्याने कधी वहिनीचा निकाल विचारला नव्हता, तो आता येताजाता विचारू लागला, "वहिनी, निकाल कधी? परीक्षक कडक असतात का हो? समजा अक्षर आवडलं नाही तर?" आधी वहिनीच्या डोक्यावर एक खुर्ची टांगलेली होती. आता दीरही टांगला गेला.

निकाल लागला आणि वहिनी पास झाली. तीन मार्क जास्त पडले म्हणून, पण झाली. साहेबांनी स्वतः फोन करून खुर्चीचं सांगितलं. नवऱ्याला आकाश ठेंगणं झालं. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, पण लगेच म्हणाल्या, "ते ठीक. चौथ्याला किती?" पास झालेल्या माणसाने उत्तरपत्रिकेची नक्कल मागवल्याचं परीक्षा मंडळालाही नवल वाटलं असेल.

नक्कल आली त्या दिवशी दीर ऑफिसातून परस्पर आला आणि आपल्या नेहमीच्या जागी, खुर्चीच्या कडेवर बसला. पाकीट सासूबाईंनीच फोडलं. चौथा प्रश्न काढला. समासातल्या नावाभोवती तांबडं वर्तुळ होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "असा खटला अस्तित्वात नाही."

"नाही कसा?" सासूबाई कडाडल्या. "मी स्वतः चालवलाय!"

"पुढे वाचा ना, आई," वहिनी म्हणाली.

"नावाचे दोन गुण वजा," सासूबाईंनी वाचलं. मग त्यांचा आवाज हळू झाला. "कलम बरोबर. विवेचन उत्तम. पुस्तकांचा मुद्दा निर्णायक. भाचा जबाबदार नाही, हा निष्कर्ष योग्य." खाली दहापैकी आठ. वहिनीने मनात हिशेब केला. हे आठ नसते तर खुर्ची बाहेरच्या माणसाची होती.

सासूबाईंनी फोन उचलला, बहिणीला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "त्या मशीनचा निकाल रद्द झालाय," त्या म्हणाल्या. "वरच्या कोर्टात."

"कुठलं मशीन? अगं ते होय!" मावशी पलीकडून हसली. "ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं, राहू दे, पोराचा काय दोष. तूच मेली ऐकायला तयार नव्हतीस. मला तर त्या मशीनने पाठदुखी दिली होती, बरं झालं गंजलं."

सासूबाईंनी फोन ठेवला. मग त्या धाकट्याकडे वळल्या. "तू भरलेले पैसे..."

"पैसे नकोत, आई." दीर घाईघाईने म्हणाला. "पैशांचं काही नाही. तो एक शब्द तेवढा काढून टाक."

"कोणता?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्याला तो तोंडाने म्हणवेना.

"निष्काळजी," सासूबाईच म्हणाल्या. "काढला. तू निष्काळजी नव्हतास. तुझी पुस्तकं चार दिवस दोरीवर होती, आणि मी त्यांच्याखालून वाकून जा-ये करत होते. निकाल देऊन मोकळी झाले होते ना. एकदाही विचारलं नाही, की ही कशी भिजली रे बाळा."

दाढीत पांढरे केस आलेला तो माणूस मान खाली घालून बसला होता. त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

"बाहीला पुसू नकोस," आई म्हणाली, आणि आपला पदर पुढे केला.